पेशी चालतात कशा, आणि त्यात कॅल्शियम कुठून घुसलं

आमच्या बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी बोअरचं पाणी वापरलं की आठवड्याभरात बादलीला पांढरा थर धरतो, आई त्याला क्षार म्हणते आणि लिंबाच्या सालीने घासत बसते. त्यात बरंचसं कॅल्शियमच. आता पेशींच्या हालचालीची गोष्टही अशाच पाण्यापासून सुरू होते म्हणून हे सांगितलं.

लंडनला सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडतं ठेवायचे. मग कळलं की ते पाणी डिस्टिल्ड नव्हतंच, नळाचं होतं, आणि डिस्टिल्ड घेतलं तर हृदय थोड्याच वेळात थांबायचं! १८८३ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की काम कॅल्शियमचं होतं. आपलाच आदल्या वर्षीचा पेपर असा उघडपणे दुरुस्त करणारे किती निघतील?

पुढे १९४७ मध्ये हेलब्रन या शास्त्रज्ञांनी स्नायूच्या तंतूत कॅल्शियम घातलं तर तो आकसला, पण लोकांना पटायला टोकियोच्या एबाशींचं साठच्या दशकातलं ट्रोपोनिनचं, म्हणजे स्नायूतल्या कॅल्शियम पकडणाऱ्या प्रथिनाचं, काम यावं लागलं.

स्नायू ठीक, पण सुटी पेशी सरपटते तेव्हा आत काय होतं ते दिसणार कसं? शांत पेशीत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा साधारण दहा हजार पट कमी, त्यामुळे पेशीच्या पडद्यातलं दार किंचित उघडलं तरी आत एकदम भर पडते, फक्त ती बघायची सोय नव्हती. ती १९८५ मध्ये रॉजर त्सियन यांच्या फ्युरा-२ या चमकणाऱ्या रंगाने झाली, आणि १९९१ मध्ये चालत्या इओसिनोफिलमध्ये, म्हणजे एका पांढऱ्या रक्तपेशीत, पुढे कॅल्शियम कमी आणि मागे जास्त दिसलं. पटण्यासारखंच होतं, कारण कॅल्शियम वाढलं की कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम पकडणाऱ्या प्रथिनामार्फत मायोसिन हे आवळणारं प्रथिन जागं होतं आणि शेपूट आवळली जाते. १९९९ मध्ये माशाच्या खवल्यातल्या पेशींवर तर भारीच दिसलं, मागचा भाग पावसाळ्यात चप्पल चिखलात रुतावी तसा काचेला चिकटतो, ताण पडला की पडद्यातली दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि पाय सुटतो.

मग २००९ मध्ये उलटंच! फायब्रोब्लास्टच्या, म्हणजे ऊती जोडून धरणारं जाळं विणणाऱ्या पेशीच्या, पुढच्या कडेला कॅल्शियमचे क्षणभर लुकलुकणारे ठिपके सापडले, एकूण कॅल्शियम मात्र मागेच जास्त. ज्या बाजूला लुकलुक जास्त तिकडे पेशी वळायची, आणि टीआरपीएम७ नावाचं दार बंद पाडलं की तिचं वळणंच मंदावायचं.