पाच गिअर झाले म्हणून मीटर चुकत नाही

परवा कोथरूडला मित्राची पद्मिनी (जुनी फियाट गाडी) बघितली. दुसऱ्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स बसवलाय, पळते मस्त, पण जीपीएसवर 60 असताना स्पीडोमीटरचा काटा 70 वर. गॅरेजवाला म्हणे, गिअर वाढले की मीटर पुढे पळणारच. हे साफ चूक आहे. मीटरची केबल बॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टवरून फिरते, म्हणजे सगळ्या गिअरच्या पलीकडून, त्यामुळे गाडी न्यूट्रलला ढकलली तरी ती फिरतेच.

खरी गंमत मीटरच्या आत आहे. केबल एक चुंबक फिरवते, त्याला लागून पण न टेकता ॲल्युमिनियमची वाटी. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे शाळेत शिकलोय, पण चुंबक फिरायला लागला की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात, त्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र होतं आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते, जितका वेग जास्त तितकी ओढ जास्त, केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते आणि दोघांचं जिथे जमतं तिथे काटा थांबतो. ऑटो शुल्झेने 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं. (पेट्रोलच्या पाइपला चुंबक लावून ॲव्हरेज वाढतो म्हणणाऱ्यांकडून काही घेऊ नका, तिथे असलं काहीही घडत नाही.)

म्हणजे मीटरला गाडीचा वेग कळतच नाही, फक्त केबलचे फेरे कळतात. ते ठरतात शाफ्टवरचा वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचं गिअर) आणि त्याला लागलेलं मीटर पिनियन (केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक) यांच्या दातांवरून, शिवाय डिफरन्शिअल (मागची चाकं फिरवणारा गिअरचा संच) आणि टायर. बॉक्स बदलला की वर्म-पिनियन बदललं, मीटर मात्र जुन्याच हिशेबाचं राहिलं.

आम्ही मीटरकडून केबल सोडली, आतल्या तारेला पुठ्ठ्याचा बाण लावला, पार्किंगमध्ये गाडी सरळ 10 मीटर ढकलली. साडेसात फेरे, म्हणजे किलोमीटरला 750. आणि मोजलेल्या 10 किलोमीटरला ओडोमीटर (किलोमीटर मोजणारे आकडे) 11.7 दाखवत होता, म्हणजे मीटरला किलोमीटरमागे हवे असलेले फेरे 750 भागिले 1.17, साधारण 640. पिनियनचे दात वाढले की केबलचे फेरे कमी होतात; आत्ताचं पिनियन 16 दातांचं, तर 16 गुणिले 750 भागिले 640, उत्तर 18.75. पाऊण दात कुठून आणणार! 19 घेतलं तर 60 ला काटा 59 दाखवेल, 18 घेतलं तर साडेबासष्ट. मी 18 च म्हणेन, कारण संयुक्त राष्ट्रांच्या नियम 39 मध्येही मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचाच नाही असं आहे. दात वाढले की पिनियनचा व्यास वाढतो, म्हणून ते धरणारी स्लीव्हही सोबत बघावी लागते.

काही जण सरळ स्प्रिंग घट्ट करून काटा खाली आणतात. कृपया करू नका, ओडोमीटर त्याच केबलवर पण दातांनी चालतो, त्याला स्प्रिंगशी घेणंदेणं नाही, काटा बरोबर दिसेल आणि किलोमीटर चुकीचेच पडत राहतील, सर्व्हिसिंगचा सगळा हिशेब बिघडेल. नाना पेठेत 18 दातांचं शोधायला आम्ही शनिवारी जाणार आहोत, जुनं पिनियन खिशात घेऊन.