मस्टँगची घरगुती पुनर्बांधणी (१९६५–६६)

जुनी मोटार घरच्या गॅरेजात पूर्ण खोलून, गंजका पत्रा कापून नवा बसवून, इंजिन, ब्रेक आणि वायरिंग नव्याने उभे करून ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम. अमेरिकेत हे काम मोठ्या प्रमाणावर १९६० च्या दशकातल्या व्ही-८ इंजिनाच्या दमदार मोटारींवर, म्हणजे मसल कारवर, केले जाते आणि घरी पहिल्यांदा हात घालणाऱ्यासाठी पहिल्या पिढीची फोर्ड मस्टँग सर्वांत सोयीची. काटेकोर बोलायचे तर मस्टँग ही ‘पोनी कार’, म्हणजे आटोपशीर आकाराची स्पोर्टी गाडी. मसल कारची सुरुवात साधारणपणे १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून धरतात, मध्यम आकाराच्या त्या गाडीत ३८९ घनइंचांचे (६.४ लिटर) इंजिन बसवले होते. पण २८९ घनइंची व्ही-८ असलेली मस्टँग दुरुस्त करण्याची पद्धत या सगळ्या गाड्यांना बऱ्याच अंशी लागू पडते, म्हणून येथे तिचेच उदाहरण घेतले आहे.

मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली आणि पहिल्या वर्षभरात ४ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. एवढ्या गाड्या निघाल्यामुळे आज तिचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा बनवून मिळतो: फ्लोअर, मडगार्ड, दारांचे रबर, अगदी संपूर्ण बॉडीसुद्धा. त्यामुळे हे काम सहसा भाग न मिळाल्याने अडत नाही. पत्र्याची खरी अवस्था उशिरा कळली आणि कामांचा क्रम चुकला, की ते अडते.

नंबर वाचणे

गाडी घेण्याआधी चालकाच्या बाजूच्या आतल्या मडगार्डच्या वरच्या कडेवर ठोकलेला चेसिस नंबर वाचावा. बॉनेट उघडले की मडगार्डमधल्या खाचेतून तो दिसतो. पहिला अंक वर्षाचा (५ म्हणजे १९६५, ६ म्हणजे १९६६). त्यानंतरचे अक्षर कारखान्याचे: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटाचेन. हा मेटाचेन कारखाना प्रत्यक्षात न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या हद्दीत होता. पुढचे दोन अंक बॉडीचे: ०७ हार्डटॉप, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक. मग इंजिनाचे अक्षर: टी म्हणजे २०० घनइंची सहा सिलिंडर, सी म्हणजे दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरचे २८९, ए म्हणजे चार नळ्यांचे, के म्हणजे २७१ अश्वशक्तीचे.

दारावरच्या पट्टीवर बॉडी, रंग, आतली सजावट, तारीख, गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलचे कोड असतात. पट्टी नवी छापून मिळते, म्हणून तिच्यावर एकटीवर भरवसा ठेवू नये. चाकाचे बोल्ट मोजणे ही सोपी खूण आहे: मूळ सहा सिलिंडरच्या गाडीला चार, व्ही-८ ला पाच. ‘मूळ इंजिन’ या दाव्याबाबतही सावध असावे. या दोन वर्षांत के वगळता इतर इंजिनांवर चेसिस नंबर ठोकत नसत, त्यामुळे पुरावा फक्त ओतकामाच्या तारखांचा मिळतो. आतले मडगार्ड बदलताना नंबरचा तुकडा कापून दुसरीकडे लावणे किंवा खोडणे अमेरिकी संघीय कायद्याने गुन्हा ठरू शकते. तो भाग शाबूत ठेवूनच पत्रा जोडावा.

काउल: पाणी वरून येते

सगळे जण गाडीखाली वाकून गंज पाहतात. मस्टँग मात्र वरून गंजते. समोरच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेटच्या मागे पत्र्याची एक बंद पेटी असते, तिला काउल म्हणतात. वरच्या जाळीतून हवा आणि पाऊस दोन्ही आत येतात. हवा दोन गोल भोकांतून गाडीत जाते, पाणी मात्र त्या भोकांभोवतीच्या उभ्या कडांना वळसा घालून दोन्ही टोकांनी बाहेर पडावे अशी रचना आहे. कारखान्यात पेटीच्या आतपर्यंत रंग नीट पोचत नसे, वर पालापाचोळा साचून ओल धरून राहतो. आधी त्या कडा कुजतात, मग पाणी थेट पायाशी गळते. गालिच्याखालचा डांबरी कागद ते धरून ठेवतो आणि फ्लोअर सडतो. नवा फ्लोअर घालून काउल तसेच सोडले, तर काही वर्षांत तोच फ्लोअर पुन्हा कापावा लागतो.

तपासणी अगदी साधी. गालिचा उचलावा, एकाने डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन पडून राहावे, दुसऱ्याने पाइपने जाळीवर दहा मिनिटे पाणी सोडावे. थेंब दिसला, की काउल उघडायचे हे नक्की. वरून बसवायच्या प्लास्टिकच्या टोप्या आणि सीलंटची लिंपण हे तात्पुरते उपाय आहेत. आतला गंज त्यांच्याखाली वाढतच राहतो.

खऱ्या दुरुस्तीसाठी काच, पुढची मडगार्डे आणि बॉनेटचे बिजागर काढावे लागतात. वरचा पत्रा शंभरावर स्पॉट वेल्डांनी, म्हणजे ठिपक्यांसारख्या जोडांनी, धरलेला असतो. प्रत्येक वेल्डवर पंच मारून ८ मिमीच्या स्पॉट-वेल्ड कटरने फक्त वरचा थर कापायचा. खालचा थरही भोकला, तर परत जोडताना तेवढी भोके भरत बसावे लागते. आतला पत्रा साफ करून, कुजलेला भाग बदलून, सांध्यांवर जस्ताचा वेल्डिंग प्रायमर लावावा. पेटी बंद करण्यापूर्वी आत इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर आणि वर रंग द्यावा, कारण पुढे तिथे हात पोचत नाही.

पत्रा कापण्यापूर्वी

या गाडीला वेगळी चेसिस नाही. फ्लोअर, रेल (पत्र्याच्या लांब पोकळ तुळया) आणि दरवाज्याखालचे रॉकर मिळूनच तिचा सांगाडा होतो. म्हणून मधला फ्लोअर कापला की बॉडी वाकू शकते. कन्व्हर्टिबलला छताचा आधार नसल्याने धोका जास्त. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) समपातळीत, शक्यतो अ‍ॅक्सल आणि पुढच्या रेलवर भार येईल अशी ठेवावी. दार लावून सगळीकडच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. मग दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचे आडवे-तिरपे आधार वेल्ड करावेत. एका वेळी एकच बाजू कापावी आणि प्रत्येक टप्प्यानंतर त्या फटी पुन्हा मोजाव्यात. आधार न लावता दोन्ही बाजू कापलेल्या गाडीची दारे शेवटी बसत नाहीत आणि तेव्हा उपाय उरलेला नसतो.

फ्लोअरचा पत्रा जेमतेम १ मिमीचा. त्याला ०.६ मिमीची तार आणि ७५ टक्के आर्गॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा मिश्र वायू वापरून मिग वेल्डिंग (वायूच्या आवरणात तार वितळवून केलेले) करतात. सलग सीवन ओढायची नाही. सुमारे २५ मिमीवर टाके मारायचे, एक इथे तर पुढचा दूरच्या टोकाला, म्हणजे पत्रा तापून फुगत नाही. जिथे कारखान्याचे स्पॉट वेल्ड होते तिथे नव्या पत्र्याला ८ मिमीची भोके पाडून ती वेल्डने भरावीत.

फ्लोअरखेरीज बॅटरीखालचा पत्रा, डिकीतल्या बाजूच्या खोलगट जागा, मागच्या चाकांच्या कमानी आणि पुढचे शॉक टॉवर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर धरणारे उभे पत्रे) पाहावेत. चाक धरणाऱ्या वरच्या कंट्रोल आर्मचे बोल्ट जिथून जातात तिथे टॉवरला बारीक भेगा पडतात. रंग खरवडल्याशिवाय त्या दिसत नाहीत. पेट्रोलची ६० लिटरची टाकीच डिकीच्या फ्लोअरचे काम करते, म्हणून मागे वेल्डिंग करण्याआधी ती खोलून दूर न्यावी. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ भरलेली असते.

सँडब्लास्टिंग सस्पेन्शनच्या जाड भागांना उत्तम, पण बॉनेट, छत आणि दारांच्या सपाट पत्र्यावर ते करू नये. पत्रा ताणून पन्हाळीसारखा लहरतो. तिथे केमिकल किंवा घासपट्टीच वापरावी. छत आणि मागच्या पत्र्याच्या जोडावर कारखान्याने शिसे भरलेले आहे. ते सुके घासून धूळ उडवू नये.

रंग

उघडा पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरने झाकावा. एक दमट रात्रही बारीक गंज धरायला पुरते. पुट्टीचा थर ३ मिमीपेक्षा जाड असेल, तर खालचे डेंटिंग अपुरे आहे असे समजावे. रंगाआधी मडगार्ड, बॉनेट, दारे आणि डिकी एकदा बोल्टांनी पूर्ण जोडून फटी जुळवाव्यात. नव्याने बनलेली मडगार्डे मूळ भागाइतकी बेमालूम बसत नाहीत आणि रंगानंतर त्यांना ठोकाठोक करता येत नाही. दोन घटकांच्या रंगात आणि क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट असते. त्याला कोळशाचा साधा मास्क पुरत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. ते जमणार नसेल तर प्रायमरपर्यंतचे काम घरी करून शेवटचा रंग बूथमध्ये द्यावा. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

इंजिन

२८९ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०० इंच, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) २.८७ इंच. सिलिंडर वर-खाली मोजून फरक ०.०१० इंचापेक्षा (०.२५ मिमी) जास्त निघाला, तर बोअर करून ०.०३० इंच मोठे पिस्टन घालतात. क्रँकशाफ्टच्या मेन आणि रॉड बेअरिंगची मोकळीक साधारण ०.००१५ ते ०.००२५ इंच ठेवतात. पिस्टन रिंगेच्या टोकांमधली फट बोअरच्या प्रत्येक इंचामागे ०.००४, म्हणजे इथे ०.०१६ इंच. मेन कॅप ६०–७० फूट-पौंड, रॉड १९–२४ आणि हेड तीन टप्प्यांत ५०, ६०, ७० पर्यंत आवळावे. हेड गॅस्केटवर ‘फ्रंट’ छापलेली बाजू दोन्ही हेडना पुढेच यायला हवी. एक उलटी बसली की पाण्याची वाट अडते आणि इंजिन विनाकारण तापते, मग लोक रेडिएटर बदलत बसतात.

घरच्या कामात सर्वाधिक गोंधळ होतो तो वेगवेगळ्या वर्षांचे भाग मिसळल्याने. जुन्या छोट्या फोर्ड व्ही-८ च्या क्रँकशाफ्टला टोकांवर बाहेरून दिलेला तोल २८ औंस-इंचाचा, १९८० च्या दशकातल्या ५.० लिटर इंजिनाचा ५० चा. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाचा बॅलन्सर एका काळातला आणि मागचे फ्लायव्हील दुसऱ्या काळातले घातले, तर इंजिन थरथरते आणि बेअरिंग खाते. फायरिंग ऑर्डरही (सिलिंडर पेटण्याचा क्रम) तपासावी: २८९ ची १-५-४-२-६-३-७-८, नंतरच्या ५.० लिटर एचओ (हाय आउटपुट) इंजिनाची १-३-७-२-६-५-४-८. ही ऑर्डर कॅमशाफ्ट ठरवतो, ब्लॉक नव्हे. साधारण ऑगस्ट १९६४ पर्यंतच्या ब्लॉकला बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटाकृती आवरणाचे) पाच बोल्ट, त्यानंतर सहा. गिअरबॉक्स घेताना हे मोजून घ्यावे. जुन्या बॅलन्सरमधले रबर सरकते, मग टायमिंगची खूण खोटी पडते. पहिल्या सिलिंडरचा खरा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा) काढून खूण पडताळावी.

मूळचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी असे पेट्रोल १९९६ पासून बंद आहे, म्हणून हेड मशीन शॉपमध्ये असतानाच व्हॉल्व्ह टेकतात तिथे कठीण सीट बसवून घ्याव्यात.

नवा सपाट टॅपेटचा (कॅम ज्याला ढकलतो त्या दट्ट्याचा) कॅम पहिल्या अर्ध्या तासात टिकतो किंवा मरतो. सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्यूटर काढून ऑइल पंपाचा पाव इंची षट्कोनी दांडा ड्रिलने घड्याळाच्या उलट फिरवावा आणि दोन्ही बाजूंच्या व्हॉल्व्हच्या रॉकर आर्मपर्यंत ऑइल चढलेले पाहावे. मग जस्त-फॉस्फरस जास्त असलेले ऑइल घालून, पाणी, पेट्रोल आणि टायमिंग आधीच जुळवून, इंजिन लागताच २००० ते २५०० आरपीएमवर २० ते ३० मिनिटे चालवावे. आयडलवर कॅमवर ऑइल कमी उडते, टॅपेट फिरत नाही आणि लोब (कॅमचा उंचवटा) घासून जातो.

ब्रेक, सस्पेन्शन, वायरिंग

पुढच्या कॉइल स्प्रिंगा वरच्या आर्मवर उभ्या असतात. त्यांच्यात साठलेला जोर जीवघेणा असतो, म्हणून या गाडीसाठीचाच आतून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर हवा. जुन्या ब्रेक शूची धूळ हवेने फुंकू नये. तिच्यात अ‍ॅस्बेस्टस असते.

१९६६ पर्यंत मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा होता, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाके ब्रेकविना. १९६७ चा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे हा मूळ रचनेत केलेला बदल असला, तरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तो करावाच. पुढे डिस्क घातल्या असतील, तर त्या सर्किटमध्ये ड्रमसाठीचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (नळीत थोडा दाब राखणारा) राहिलेला नाही हे पाहावे, नाहीतर पॅड कायम घासत राहतात.

वायरिंगमध्ये इग्निशन स्विचपासून कॉइलकडे जाणारी गुलाबी तार ही साधी तार नसून रेझिस्टन्स आहे. तिच्या जागी नेहमीची तार जोडली की डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट जळतात. दुसरी अडचण नवा रंगच करतो: रंगलेल्या पत्र्यावर अर्थिंग बसत नाही, दिवे मंद लागतात, काटे वेडेवाकडे फिरतात. प्रत्येक अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करावा.

आतले काम सोपे, पण घाईचे नव्हे. काच बसवल्यावर आणि गालिचा टाकण्याआधी काउलवर पुन्हा दहा मिनिटे पाइपने पाणी सोडावे आणि डॅशबोर्डखाली बोट फिरवावे. ते कोरडे निघाले तरच गालिचा अंथरावा.