सोलरचे ११२ युनिट गेले कुठं?

परभणीला आमच्या मामांनी दिवाळीत गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, ५४० वॅटचे सहा पॅनेल, आणि जानेवारीचं लाईट बिल आलं तसे मामा सरळ आमच्याकडं आले, एका हातात बिल, दुसऱ्या हातात मोबाईल. "हे बघ, सोलरचं ॲप म्हणतंय महिन्यात ३५० युनिट बनले अन् बिलात एक्स्पोर्ट, म्हणजे बाहेर लाईनीत गेलेले, दाखवलेत २३८. माझे ११२ युनिट गेले कुठं? मीटर खायलंय का?"

सोलर बसवलेल्या जवळपास प्रत्येक घरात हा प्रश्न पडतो आणि लोकं उगीच महिनाभर मनात राग धरून बसतात, म्हणून नीट सांगतो.

मी मामांना म्हणलं, मामा, शेतात २० पोती ज्वारी झाली, ५ पोती घरी खायला ठेवली अन् १५ मोंढ्यात नेली, तर आडत्याच्या पट्टीवर किती पोती दिसतील? पंधराच ना? मग ५ चोरीला गेली का? मीटर म्हणजे मोंढ्यातला काटा आहे. घरात खाल्लेलं त्याच्यासमोर येतच नाही. तुमचे ११२ युनिट दिवसा फ्रीजनं, पंख्यांनी, टीव्हीनं, बोअरच्या मोटारीनं खाल्ले.

आता ही वीज आधी फ्रीजकडंच का जाते, बाहेर का नाही, हे समजायला सोपंय. सोलरचा इन्व्हर्टर (बॅटरीवाला नाही, पॅनेलची डीसी वीज एसी करणारा) आपलं व्होल्टेज लाईनपेक्षा किंचित वर ठेवून करंट ढकलतो, आणि घरातलं जे काही चालू असेल ते त्यातलं लागेल तेवढं ओढून घेतं, कारण ते त्याच वायरिंगवर जवळ बसलेलं आहे. त्याचं भागून जे उरलं तेवढंच मीटरमधून बाहेर डीपीकडं जातं आणि शेजारच्यांच्या घरात जळतं. कमी पडलं तर उरलेलं बाहेरून आत येतं. त्यासाठी कुठलंही बटण नाही, माणूस लागत नाही.

मला स्वतःला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती मीटरची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे करंट सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो. मग वीज आत चालली की बाहेर हे मीटरला कसं कळतं? दिशा तर सारखीच उलटसुलट होतीये. तर मीटर नुसता करंट बघत नाही, त्याच क्षणाचं व्होल्टेजपण बघतं आणि दोन्हीचा गुणाकार करतं, सेकंदाला हजारो वेळा. व्होल्टेज वर असताना करंटपण त्याच बाजूचा, आणि व्होल्टेज खाली गेलं तर करंटपण सोबत खाली, असं असेल तर गुणाकार अधिक येतो, म्हणजे वीज घरात आली, इम्पोर्टमध्ये जमा. दोघं एकमेकांच्या उलटे चालले की गुणाकार उणे, म्हणजे वीज बाहेर गेली, एक्स्पोर्टमध्ये जमा. लहानपणी शाळेत अधिक गुणिले उणे बरोबर उणे पाठ केलं होतं, ते इथं भिंतीवरच्या डब्यात रात्रंदिवस चालू आहे.

आमच्या घरीपण सोलर आहे. आमच्या मीटरवर एक लाल दिवा आहे आणि शेजारी ३२०० असा आकडा छापलाय, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. सोलर बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात आई दुपारी एक वाजता ओरडली, अरे घरात काहीच चालू नाही अन् दिवा किती पळायलाय बघ! खरंच सेकंदाला दीड-दोनदा लुकलुकत होता. पण तो आमची जाणारी वीज मोजत होता, कारण हा दिवा दोन्ही बाजूंना लुकलुकतो. तेवढ्यात ढग आला तसा दिवा मंदावला, ढग सरकला की परत भराभर. रात्री एकटा कूलर चालू असला की तोच दिवा पाच-सहा सेकंदाला एकदा. दिशा बघायची तर दिवा सोडून मीटरची स्क्रीन बघायची, तिथं इम्पोर्ट आणि एक्स्पोर्टचे आकडे आळीपाळीनं येतात.

मग हिशोब असा. बनलेल्यातून एक्स्पोर्ट वजा केला की दिवसा घरातच खाल्लेले युनिट, ३५० वजा २३८, म्हणजे ११२. त्यात इम्पोर्ट मिळवा, मामांचा ९६ होता, म्हणजे घराचा खरा वापर २०८ युनिट. बिलात हा २०८ आकडा कुठंच नसतो, तो आपल्यालाच काढावा लागतो. बिल लागतं फक्त ९६ वजा २३८ वर, म्हणजे उलट १४२ युनिट मामांच्या नावावर पुढच्या महिन्याला जमा.

एक गोम मात्र आहे. ॲपचा महिना १ तारखेला सुरू होतो, मीटरचं रीडिंग घेतात वेगळ्याच तारखेला. त्यामुळं दोन्ही महिने एकमेकांवर ठेवले की दहा-वीस युनिटचा फरक निघतो आणि परत संशय सुरू. रीडिंगच्या दिवशीच ॲपमधला एकूण आकडा लिहून ठेवायचा.

"मग १४२ जमा असताना बिल शून्य का नाही?" मामांचा पुढचा प्रश्न. बसवणाऱ्यानं बिल झिरो येईल असं सांगितलेलं असतं, ते अर्धवट सांगणं झालं. स्थिर आकार वापरावर नसतो, तो कनेक्शनचा असतो, तो आणि त्यावरचं १६ टक्के वीज शुल्क द्यावंच लागतं, शे-दीडशे रुपये समजा.

आणि आता खरं लक्ष देण्यासारखं. जमा युनिट ३१ मार्चपर्यंतच चालतात. त्या दिवशी खातं बंद होतं, उरलेल्या युनिटचे पैसे वीज नियामक आयोगानं ठरवलेल्या दरानं जमा होतात, आणि तो दर आपण वीज घेतो त्यापेक्षा बराच कमी असतो. आपल्या मराठवाड्याला हे नेमकं आडवं येतं. डिसेंबर ते मार्च आभाळ मोकळं, ऊन चांगलं, कूलर बंद, म्हणजे जमा ढीगभर. आणि कूलर लागतात कधी? एप्रिलात, खातं शून्यावर आल्यावर! दोन कूलर रोज चौदा तास म्हणजे महिन्याला दीडशेच्या वर युनिट वाढले. म्हणून हिवाळ्याच्या बिलाकडं बघून अजून पॅनेल वाढवायची घाई करू नका, आणि उन्हाळ्याच्या बिलाकडं बघून सोलर फसवं निघालं असंपण म्हणू नका, वर्षाची बेरीज करा.

मे महिन्यात अजून एक गोष्ट होते. पॅनेलवर लिहिलेले ५४० वॅट हे पॅनेल २५ अंशावर असतानाचे. परभणीत ४२ अंश असतं तेव्हा गच्चीवर तापलेलं पॅनेल ६५-७० पर्यंत जातं, आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे २५ च्या वर चाळीस अंश तापलं की १४ टक्के गेले. पॅनेलला पाहिजे उजेड, उष्णता नको. आमच्याकडं फेब्रुवारीत दुपारी २.८ किलोवॅटपर्यंत जाणारा आकडा मेमधे २.४ च्या पुढं सरकत नाही. धूळ बसली तर अजून कमी, म्हणून पहाटे, पॅनेल गार असताना धुवायचे, तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारायचं नाही.

मामांनी सगळं ऐकून बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीन आकडे लिहिले, बनले, गेले, आले. आता दर महिन्याला रीडिंगच्या दिवशी तेवढे तीनच आकडे ते मला व्हॉट्सॲपवर पाठवतात, आणि मार्च जवळ आला की खाली एक ओळ असते, "जमा ३९०, काय करू?"