केल्मस्कॉट हाउस आणि केल्मस्कॉट मॅनर: मॉरिस सोसायटीचं घर नक्की कोणतं?

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कारागीर, लेखक आणि समाजवादी विल्यम मॉरिस याच्यावर मराठीत कोणी चार ओळी लिहिल्या तरी मला मनापासून आनंद होतो, पण गेली कित्येक वर्षं तोच घोळ बघून आता खरंच कंटाळा आलाय. लेख असतो विल्यम मॉरिस सोसायटीवर आणि फोटो असतो खेड्यातल्या एका करड्या दगडी घराचा, खाली लिहिलेलं असतं 'केल्मस्कॉट'. नाव बरोबर आहे, घर चुकलंय.

केल्मस्कॉट नावाची मॉरिसची घरं दोन, एक मॅनर आणि एक हाउस. दोन्ही थेम्सच्या काठावर, दोन्ही एकाच काळात त्याच्याकडे होती, त्यामुळे गोंधळ होणार हे मान्य. पण नदीतून गेलं तर दोघांमध्ये जवळजवळ १३० मैल आहेत! मॉरिस स्वतः १८८० च्या ऑगस्टमध्ये घरची माणसं आणि मित्र घेऊन होडीने एका घराहून दुसऱ्या घरी गेला होता, त्याला आठवडाभर लागला.

मॅनर बहुतेकांना माहीत असतं म्हणून पटकन सांगते. ऑक्सफर्डशायरमध्ये लेचलेडजवळ केल्मस्कॉट नावाचं गाव आहे, तिथलं हे जुनं घर मॉरिसने १८७१ मध्ये कवी-चित्रकार रोझेट्टीसोबत भाड्याने घेतलं. अप्लाइड आर्ट शिकलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं ते 'स्ट्रॉबेरी थीफ' कापड आहे ना, त्यातले स्ट्रॉबेरी पळवणारे पक्षी याच बागेतले. १९६२ पासून हे घर सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या जुन्या इतिहास-पुरातत्त्वाच्या संस्थेकडे आहे. 'सोसायटी' शब्द दिसला की लोक ती मॉरिस सोसायटीच समजतात, तर तसं नाही. शिवाय जुन्या इमारती वाचवायला मॉरिसने स्वतः १८७७ मध्ये काढलेली सोसायटी तिसरीच. विल्यम मॉरिस सोसायटी म्हणजे त्याच्या चाहत्यांनी आणि अभ्यासकांनी १९५५ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर जवळजवळ साठ वर्षांनी, सुरू केलेलं मंडळ.

आणि त्या मंडळाचा पत्ता आहे केल्मस्कॉट हाउस, लंडनमध्ये हॅमरस्मिथला, अप्पर मॉल नावाच्या नदीकाठच्या रस्त्यावर.

आता नीट वाचा, कारण सगळे अडकतात ते इथेच. मॉरिसने १८७८ मध्ये हे घर घेतलं तेव्हा त्याचं नाव 'द रिट्रीट' होतं. ते त्याला आवडलं नाही आणि त्याने आपल्या लाडक्या गावाकडच्या घराचं नाव शहरातल्या घराला दिलं. म्हणजे नाव जन्मलं खेड्यात, पण त्या नावाने जे जगभर गाजलं ते शहरातल्या घराच्या आसपास घडलं. केल्मस्कॉट प्रेस घ्या. १८९१ मध्ये हा छापखाना सुरू झाला तो हॅमरस्मिथला, हाउसपासून चार पावलांवर, मॅनरमध्ये तो कधीच नव्हता. तिथे एकूण ५३ पुस्तकं छापली गेली, त्यातलं १८९६ चं, जुना इंग्रज कवी चॉसर याच्या साहित्याचं पुस्तक तर चित्रकार बर्न-जोन्सच्या ८७ चित्रांसकट. (ज्या यंत्रावर चॉसर छापला त्यावरच पुढे कला-अभ्यासक आनंद कुमारस्वामींनी १९०८ मध्ये सिंहली कलेवरचं आपलं मोठं पुस्तक छापून घेतलं, हे आपल्याकडे फार कमी जण सांगतात.) असं असताना केल्मस्कॉट प्रेसवरच्या लेखाला मॅनरचा फोटो लावतात ते मला अजिबात सहन होत नाही.

माझ्या मावसबहिणीने असाच एक लेख वाचून लंडनहून ट्रेनने स्विंडन, तिथून टॅक्सी असं करत मॅनर गाठलं, कशासाठी, तर छापखाना कुठे होता ते बघायला. घर सुंदर होतं म्हणाली, पण तिला बघायचं होतं ते ती राहते तिथून ट्यूबने अर्ध्या तासावर होतं.

छापखान्यापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती हाउसला लागून असलेली बग्गी ठेवायची जागा, तिथले लोक तिला कोचहाउस म्हणतात. आधी मॉरिसने तिथे गालिच्यांचे माग बसवले, 'हॅमरस्मिथ' गालिचे म्हणतात ते हेच, १८८१ मध्ये कारखाना लंडनच्या दक्षिणेला मर्टन ॲबीला गेला आणि जागा रिकामी झाली. १८८४ च्या शेवटी सोशालिस्ट लीग ही मॉरिस आणि त्याच्या साथीदारांची समाजवादी संघटना स्थापन झाली आणि तिच्या हॅमरस्मिथ शाखेच्या सभा या जागेत भरायला लागल्या, दर रविवारी संध्याकाळी व्याख्यान. बर्नार्ड शॉ इथे बोलला, रशियन अराजकवादी क्रोपोटकिन बोलला, समाजवाद्यांचा गायकवृंद होता त्याला पुढे संगीतकार म्हणून गाजलेला तरुण गुस्ताव होल्स्ट शिकवायचा. गालिचे विणायच्या खोलीत कामगारांच्या हक्कांवर वाद! कारागीर मॉरिस आणि समाजवादी मॉरिस हे दोन वेगळे कप्पे करणाऱ्यांना मी या खोलीत नेऊन उभं करीन. सोसायटीकडे आज हे कोचहाउस आणि घराचं तळघर आहे, तिथे मॉरिसचं एक हातछपाई यंत्रही ठेवलंय. वरचं घर खाजगी आहे, तिथे माणसं राहतात, त्यामुळे बेल वाजवू नका.

घोळाला थोडा मॉरिसही जबाबदार आहे हे कबूल करायला हवं. 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' ही त्याची भविष्यातल्या समाजाची कथा १८९० मध्ये 'कॉमनवील' या लीगच्या पेपरात क्रमशः आली. तिचा नायक हॅमरस्मिथच्या घरात झोपतो, जागा होतो तो वेगळ्याच काळात, आणि मग थेम्समधून वर वर जात शेवटी मॅनरला पोहोचतो. १८९२ च्या केल्मस्कॉट प्रेसच्या आवृत्तीत सुरुवातीलाच चित्र आहे ते मॅनरचं. छापलं हॅमरस्मिथला, चित्र गावाकडचं, म्हणून लोकांच्या डोक्यात मॅनरच बसलं.

वॉल्थमस्टोची विल्यम मॉरिस गॅलरी म्हणजे त्याचं लहानपणीचं घर, ती नगरपालिका चालवते. बेक्सलीहीथचं रेड हाउस, म्हणजे लग्नानंतरचं त्याचं घर, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे. यात गोंधळण्यासारखं काही नाही, नावंच वेगळी आहेत.

एकच दिवस असेल तर मी हॅमरस्मिथलाच जा म्हणेन, पण कोचहाउस ठराविक दिवशीच उघडं असतं, वेळ बघून निघा. दोन दिवस असतील तर त्याच क्रमाने जा ज्या क्रमाने तो गेला. ३ ऑक्टोबर १८९६ ला मॉरिस वारला तो हाउसमध्ये, पॅडिंग्टनहून रेल्वेने त्याला लेचलेडला नेलं आणि तिथून विलोच्या फांद्यांनी सजवलेल्या शेतगाडीतून केल्मस्कॉटच्या चर्चमध्ये. कबर मॅनरपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे, तिच्यावरचा दगड रेड हाउस बांधणाऱ्या फिलिप वेबने केलाय.