ग्रानाचं घड्याळ आणि त्याची प्रतिकृती

दुसऱ्या महायुद्धातल्या ग्राना नावाच्या ज्या लष्करी घड्याळाचा पंधरा-सोळा वर्षं ध्यास होता, त्याची प्रतिकृती गेल्या महिन्यात हातात आली. काळी तबकडी, त्यावर ठसठशीत पांढरे आकडे, सहाच्या जागी सेकंदाची चिमुकली वेगळी तबकडी आणि कडेने रेल्वेच्या रुळांसारखी मिनिटांची पट्टी. सेल नाही, रोज सकाळी चावी द्यायची. साताऱ्याच्या मोती चौकात दोघांनी थांबवून विचारलं, "जुनं एचएमटी का हो?" चूक त्यांची नाही. वडिलांच्या हातात काळ्या तबकडीचं एचएमटी पायलट होतं. या घड्याळाचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही तेच आठवलं होतं. पण याची कुळकथा एचएमटीच्या बंगळूर कारखान्याहून, म्हणजे १९६१ हून, बरीच जुनी आहे.

मनगटी घड्याळ हा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बायकांचा दागिना समजला जाई. पुरुषाचं घड्याळ साखळीला बांधून खिशात. ही समजूत मोडली ती लढाईने. एका हातात बंदूक, पाय चिखलात, अशा वेळी कोटाचं बटण काढून खिशातलं घड्याळ बघणार कसं? पहिल्या महायुद्धात तोफखाना ठरल्या मिनिटाला मारा पुढे सरकवायचा आणि त्या माऱ्याच्या आडोशाने पायदळ पुढे जायचं. घड्याळ चुकलं तर आपल्याच तोफांचे गोळे आपल्याच माणसांवर. मग खिशातल्या घड्याळाला तारेच्या कड्या डाकून पट्टा ओवला गेला, अंधारात दिसावं म्हणून आकड्यांवर रेडियमचा रंग चढला. खंदकातल्या या घड्याळांपासून पुरुषाच्या हातात घड्याळ आलं ते कायमचं.

साताऱ्याच्या माणसाला हे युद्ध परकं नाही. जवळच अपशिंगे मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. लहानपणी तिथून जाताना वडील हटकून एसटीच्या खिडकीतून हात जोडायचे. त्या ४६ जणांपैकी कुणाच्या हातात घड्याळ असेल असं मला वाटत नाही. ते असायचं साहेबाच्या हातात. पण साहेब ज्या काट्याकडे बघून शिट्टी फुंकायचा, त्या काट्यावर यांचा जीव टांगलेला असायचा. लष्करी घड्याळ हा मला निव्वळ छंदाचा विषय वाटत नाही, तो यामुळे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधले घड्याळांचे कारखाने युद्धसामग्रीला जुंपले गेले होते. सैन्याला चांगली मनगटी घड्याळं हवीत, तर ती तटस्थ स्वित्झर्लंडमधून आणण्यावाचून इलाज नव्हता. ब्रिटिश सरकारने नमुना ठरवून दिला: काळी तबकडी, अरबी आकडे, अंधारात चमकणारे काटे, सेकंदाची वेगळी तबकडी, पंधरा माणकांचं (चाकांचं घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचं) मशीन, पाणी आत न जाणारी केस आणि सहजी न फुटणारी काच. मशीन गरमी-थंडीत आणि निरनिराळ्या स्थितींत तपासून लावलेलं हवं. तबकडीवर सरकारी मालाची खूण, तो रुंद बाण. पाठीवर तीनदा 'डब्ल्यू', म्हणजे वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ. लष्करी कारकुनी थाटात आधी वस्तू, मग तिचे गुण.

बारा कंपन्यांनी हा माल पुरवला: ओमेगा, लाँजिन, आयडब्ल्यूसी, जेजर-लकूल्त्र, लेमानिया, सायमा, एटर्ना, ब्यूरेन, रेकॉर्ड, टिमॉर, व्हर्टेक्स आणि ग्राना. संग्राहक या बारांना 'डर्टी डझन' म्हणतात. सगळी मिळून सुमारे दीड लाख घड्याळं आली, पण बहुतेक १९४५ मध्ये, म्हणजे लढाई आटोपत आली तेव्हा. एकट्या ओमेगाची २५ हजार. सगळ्यांत कमी ग्रानाची, आणि म्हणूनच बाराचा संच जमवायला निघालेला माणूस अकरावर येऊन अडकतो.

ग्राना म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या ग्रेन्शेन गावच्या कुर्थ बंधूंचा १८८८ सालचा कारखाना. गावाच्या 'ग्रानाकुस' या लॅटिन नावावरून घड्याळाचं नाव पडलं. पुढे याच घराण्याची घड्याळं सर्टिना नावाने जगभर गेली आणि 'ग्राना' हे नाव मागे पडलं. बाराजणांत थोरामोठ्यांची नावं असताना माझा जीव या विसरल्या गेलेल्या नावावर का जडला, हे मला नेमकं सांगता येणार नाही. त्याच्या आकड्यांची ठेवण मला सगळ्यांत देखणी वाटते, एवढं खरं.

मुळात कमी होती ती आणखी कमी झाली, त्यात रेडियमचा हात मोठा. तबकड्या रंगवणाऱ्या अमेरिकेतल्या मुली ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायच्या. जबड्याची हाडं कुजून त्यातल्या कित्येक गेल्या. तेव्हापासून धोका माहीत होता, तरी लष्करात रेडियम बरीच वर्षं टिकलं. युद्धानंतर ब्रिटिशांनी दुरुस्तीला आलेल्या कित्येक घड्याळांच्या मूळ तबकड्या काढून ट्रिटियम या सौम्य किरणोत्सर्गी द्रव्याच्या बसवल्या. एका घड्याळाचे भाग दुसऱ्यात गेले. आज मूळ तबकडी, मूळ काटे, मूळ केस एकत्र असलेलं ग्राना म्हणजे दुर्मीळातलं दुर्मीळ. त्यात रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे त्याचा जोर निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं. चमक आणणारं रंगातलं झिंक सल्फाइड काही वर्षांत जळून जातं, पण किरणोत्सर्ग चालूच राहतो. म्हणजे जुनी तबकडी अंधारात दिसत नाही आणि तरी निरुपद्रवी नसते.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, पण कळली घड्याळजीकाकांच्या टपरीत. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून 'अस्सल ग्राना' मिळत होतं. अर्धे पैसे देऊन, पसंतीच्या बोलीवर ते मी घरी आणलं होतं. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, मग घड्याळ दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून आत डोकावले.

"चमकतंय की हो हे," ते म्हणाले.

"चांगलंच ना, काका?"

"ऐंशी वर्षांचं रेडियम चमकत नसतंय. डायल परत छापलंय. सातच्या आकड्याची शाई बघा, कडेला फुटलीय."

मग पाठ उघडून त्यांनी आतली बाजू उन्हात धरली. सुईने कोरलेल्या बारीक तारखा आणि अक्षरं होती. प्रत्येक सर्विसिंगला घड्याळजी आतून अशी खूण करतो. "केस जुनी आहे, खरी आहे," काका म्हणाले, "पण हे मशीन तिचं नाही." घड्याळ परत केलं. दिलेले पैसे पूर्ण आले नाहीत. त्याहून जास्त लागलं ते त्या केसचं, एवढ्या हातांतून जपत आलेल्या वस्तूला कुणीतरी खोटं नाव चिकटवलं याचं.

म्हणून प्रतिकृती घेताना माझी एकच अट होती: तिने दुसऱ्याचं नाव लावलेलं नसावं. आपल्याकडे 'फर्स्ट कॉपी' म्हणून जे विकलं जातं, ते दुसऱ्याच्या नावावर जगतं. त्याला मी प्रतिकृती म्हणत नाही. सरळ मार्ग दोन आहेत. एक, मूळ कंपनीनेच जुना नमुना पुन्हा काढायचा. व्हर्टेक्स बंद पडली होती. संस्थापक क्लॉड लायन्स यांच्या पणतूने ती २०१६ मध्ये याच लष्करी घड्याळाच्या नव्या रूपाने उभी केली. दुसरा, छोट्या कारागिरांनी जुनी घडण पाळून स्वतःच्या नावाने घड्याळ करायचं. माझं दुसऱ्या प्रकारचं. तबकडीवर ना ग्राना, ना सरकारी बाण. पण आकड्यांची ठेवण तीच, आकार तोच आणि केसला पट्ट्याचे दांडे मुळासारखेच पक्के डाकलेले, म्हणजे पट्टा दांड्याखालून ओवूनच घालावा लागतो. रेडियमच्या जागी स्ट्राँशियमयुक्त रंग आहे. तो उजेड पिऊन चमकतो आणि त्यात किरणोत्सर्ग अजिबात नाही. माझी नात ते घड्याळ गालाला लावते, तेव्हा मला काही वाटत नाही.

घड्याळ आलं त्याच दिवशी काकांकडे नेलं. त्यांनी मशीनचा आवाज कानाला लावून ऐकला, पाठ उघडली. आतून कोरी, आरशासारखी.

"याच्यात अजून कुणाचंच काही नाही," ते म्हणाले. "पाच वर्षांनी सर्विसिंगला आणा. पहिली तारीख मी टाकतो."