कोलोनोस्कोपीच्या आधीचं पोट साफ करायचं औषध

कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, आणि त्याआधी आतडं पार रिकामं करायला जे औषध पाण्यात कालवून प्यावं लागतं त्याला डॉक्टर 'बॉवेल प्रेप' म्हणतात. पुण्यात केमिस्टकडे कुणी असं नाव घेऊन मागत नाही, चिठ्ठी पुढे करून 'ते दुर्बिणीच्या आधीचं जुलाबाचं द्या' म्हणायचं, की पेगलेकचं पाकीट नाहीतर कोलोप्रेपची बाटली समोर येते.

सगळ्यात जास्त चालतं ते पॉलिएथिलिन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी. साधं पाणी २ लिटर प्यायलं तर ते आतडं शोषून घेतं आणि लघवीवाटे जातं, पोट काही साफ होत नाही. पीईजीचा रेणू मोठा असतो, शोषला जात नाही, तो पाणी धरून ठेवतो आणि ते सगळं पाणी घेऊनच खाली जातो. सोबत क्षार असतात म्हणून शरीरातलं पाणी-मीठ फारसं हलत नाही. जुलाबात देतात त्या ओआरएसच्या बरोबर उलटा खेळ आहे हा, तिथे साखर मुद्दाम घालतात कारण ग्लुकोजबरोबर आतडं सोडियम आणि पाणी ओढून घेतं, इथे तेच नको असतं, म्हणून चव बरी लागत नाही म्हणून मनानं चमचाभर साखर ढवळायची नाही. हा फॉर्म्युला १९८० मध्ये अमेरिकेत डेव्हिस, फोर्डट्रान वगैरे डॉक्टरांनी मांडला, त्यात सोडियम सल्फेट आहे, म्हणून ती खारट उग्र चव. तेव्हा ४ लिटर प्यावं लागायचं! आता २ लिटरवर पण भागतं.

याच्या आधी मॅनिटॉल वापरायचे, पण ते साखरेच्याच जातीचं, आतड्यातले जंतू ते आंबवतात, हायड्रोजन तयार होतो आणि आत पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ, जाळायला करंट दिला तर स्फोटाचा धोका, त्यामुळे ते मागे पडलं. सोडियम फॉस्फेट प्यायला थोडं लागतं म्हणून लोकांना आवडायचं, पण त्यानं किडनीला इजा होऊ शकते, २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, त्यावर कडक इशारा दिला. किडनी-हार्टचा पेशंट असेल किंवा आतड्यात अडथळ्याची शंका असेल तर कुठलंच औषध मनानं घ्यायचं नाही. शुगरच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं आधीच विचारून ठेवायचं, लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करतात.

खाण्याचा घोळ वेगळाच. आदल्या दिवशी 'हलकं खा' सांगितलं की आपली माणसं उपास समजून साबुदाण्याची खिचडी करतात, आणि तिच्यातलं दाण्याचं कूट दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर दिसतं. बिया, साली, तीळ, पालेभाजी हे सगळं बंद. नंतर फक्त आरपार दिसेल असं पातळ, म्हणजे नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा. अमृततुल्यचा नाही चालत, दूध आलं ना त्यात. कोकम सरबत पण नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

आता खरी गोम. औषध दोन हप्त्यांत प्यायचं असतं, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी, आणि तपासणीच्या किमान २ तास आधी ते संपलेलं पाहिजे. हा पहाटेचा हप्ता लोक टाळतात. आमच्या मामांना सकाळी नऊची वेळ होती, कात्रजहून डेक्कनला रिक्षानं जायचं, वाटेत लागली तर काय या भीतीनं त्यांनी सगळं रात्रीच संपवलं, थंडगार करून, नाक दाबून, दर पंधरा मिनिटांनी एक पेला, मामी घड्याळ घेऊन समोर. रात्री बारापर्यंत पाणी अगदी स्वच्छ, मामा खूश. पण होतं काय, रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि पाचकरस खाली उतरत राहतात आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर त्यांचा चिकट थर बसतो, चपटे पॉलिप नेमके त्याखाली लपतात. पहाटेचा हप्ता तो थर धुवायला असतो. भीतीचं म्हणाल तर पिणं संपल्यावर तास-दोन तासांत जोर ओसरतो, वेळ धरून उठलं तर रिक्षात काही होत नाही.

बाहेर पडणारं पाणी फिकट पिवळं, लघवीसारखं आणि गाळ नसलेलं झालं की समजायचं जमलं. मळमळलं तर अर्धा तास थांबून परत सुरू करायचं, आणि बूड सोलवटतं म्हणून खोबरेल तेल बाथरूममध्ये आधीच ठेवायचं, हे कागदावर कुणी छापत नाही.

साफ किती झालं त्याचे मार्क पण असतात, बोस्टन स्केल म्हणतात, आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ९. तिन्ही भागांना निदान २ पाहिजेत. मामांना डावीकडे ३, मध्ये २ आणि उजवीकडे १ मिळाला, म्हणजे सगळं परत, यावेळी पहाटे तीनचा गजर लावून.