एसी लावला की गाडी थरथरते: थ्रॉटल मळलाय की कॉम्प्रेसरवर ताण आहे?

सिग्नलला उभ्या पेट्रोल गाडीत एसी लावला की आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा ८०० वरून ५०० वर येतो, स्टिअरिंग थरथरतं, कधी इंजिन बंदच पडतं. गॅरेजमध्ये कुणी म्हणतं थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारा झडपेचा भाग) साफ करा, कुणी म्हणतं कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) गेला. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे, म्हणून आधी स्वतः पाहा.

एसीचा क्लच 'टक्' करून लागला की कॉम्प्रेसर बेल्टवरून इंजिनाची ताकद ओढू लागतो. ती भरून काढायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजिनाला थोडी जास्त हवा देतो. थ्रॉटलच्या झडपेच्या कडेला कार्बन साचला असेल तर ही हवा कमी पडते. मग प्रत्येक 'टक्'सरशी काटा गचकन खाली जातो, पुन्हा वर येतो. थंडावा मात्र चांगला असतो. खात्रीसाठी एसी बंद करून हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर लावा. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही वळवून बघा. तेव्हाही काटा पडत असेल तर दोष एसीचा नाही.

कॉम्प्रेसरवरच्या ताणाची गोष्ट वेगळी. इथे इंजिन ठीक असतं, ओझंच वाढलेलं असतं, आणि पुष्कळदा कॉम्प्रेसरही निर्दोष असतो! कंडेन्सरचा (गाडीच्या पुढच्या बाजूला एसीचा गॅस थंड करणाऱ्या जाळीचा) फॅन फिरत नसेल, किंवा जाळीत धूळ बसली असेल, तर उभ्या गाडीत गॅसचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसर फिरवणं जड जातं. खूण सोपी आहे: हायवेवर गारेगार, सिग्नलला कोमट हवा आणि थरथर. एसी चालू ठेवून बॉनेट उघडा, हात लांब ठेवा, फॅन सुरू होतो का पाहा. गार होत नाही म्हणून आणखी गॅस भरून घेऊ नका. जादा गॅसनेही दाब वाढतो. गॅस वजन करूनच भरावा. किती ग्रॅम ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. बेल्टची किंचाळी किंवा घरघर ऐकू आली, तरच बेअरिंगकडे, कॉम्प्रेसरकडे वळा.

काटा स्थिर आणि तरी थरथर असेल तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी आधार) तपासा.

थ्रॉटल साफ करताना इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने ढकलू देऊ नका, आतले गिअर बिघडू शकतात. सफाईनंतर काही वेळ आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) जास्त राहू शकतं. ते आपोआप बसलं नाही तर स्कॅनर लावून रीसेट करून घ्या.